ऑपरेशन झालं, पाय बरा झाला, मग पिल्लं का नाही? इंदिरानगरच्या बर्फीची केस

पेशंट बर्फी, मादी, वय १४ महिने, पांढरी, केसाळ, घरच्यांच्या मते पॉमेरेनियन. माझ्या मते इंडियन स्पिट्झ आणि पॉमचं मिश्रण, कारण आपल्याकडे नाशकात काय आणि बाकी महाराष्ट्रात काय, छोटं पांढरं केसाळ कुत्रं दिसलं की तो पॉमच असतो, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खरा पॉम तीन किलोच्या आसपास असतो, बर्फी काट्यावर भरली ६.८ किलो, आणि त्यातला किलो-सव्वा किलो तरी निव्वळ मारी बिस्किटं आणि तूप लावलेली पोळी होती. तक्रार अशी की मागचा डावा पाय मधेच उचलते, तीन पायांवर दोन-चार उड्या मारते आणि मग काही झालंच नाही अशी परत चालायला लागते.

केस एवढी सविस्तर लिहितेय कारण यातला गुडघ्याच्या वाटीच्या ऑपरेशनचा भाग तसा सरळ होता, खरी कसरत नंतरची होती. आणि ती नंतरची कसरत कुठे लिहिलेली सापडत नाही.

घर म्हणजे इंदिरानगरमधलं रो हाऊस, खाली हॉल-किचन, वर बेडरूम, आतून जिना, सगळीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. काका सातपूरच्या एका कंपनीतून रिटायर झालेले, काकू घरीच, मुलगी पुण्यात नोकरीला. बर्फी दिवसभर काकांच्या मागे आणि संध्याकाळी स्कूटरच्या पुढच्या पायठाणावर उभी राहून जॉगिंग ट्रॅकपर्यंत चक्कर. पाय उचलणं सहा-सात महिन्यांची असल्यापासून चालू होतं पण ते कुणाला दुखणं वाटलंच नाही, उलट मुलीने त्याच्यावर गाणं लावून रील केलं होतं, ते मला कौतुकाने दाखवलं पण. त्यात स्पष्ट दिसत होतं, चालता चालता डावा पाय वर, तीन उड्या, मग पाय मागे ताणून एक झटका आणि परत चार पायांवर. गुडघ्याची वाटी सरकण्याचं यापेक्षा चांगलं चित्रण मी तरी बघितलेलं नाही. म्हणून आता सगळ्यांना सांगते की व्हिडिओ काढून आणा, कारण क्लिनिकमध्ये आल्यावर घाबरलेलं कुत्रं एकतर चालतच नाही नाहीतर एकदम नीट चालतं.

मग एक दिवस ती स्कूटर थांबायच्या आधीच उडी मारून उतरली, केकाटली, आणि त्यानंतर पाय खाली टेकवणं फारच कमी झालं. मधे एका ठिकाणी दाखवलं तिथे कॅल्शियमचं सिरप आणि पाच दिवस दुखण्याचे ड्रॉप्स मिळाले, फरक पडला, ड्रॉप्स संपल्यावर परत तेच. या कॅल्शियमबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. आपल्याकडे कुत्रं लंगडलं की पहिला उपाय कॅल्शियम, म्हणजे जणू हाड ठिसूळ झालंय म्हणूनच सगळं होतं. बर्फीच्या हाडात कॅल्शियम भरपूर होतं, घडण वाकडी होती, आणि ती कुठल्या सिरपने सरळ होत नाही. काकांनी एकदा स्वतःच्या कंबरेची अर्धी गोळीही दिली होती, नशिबाने एकदाच. माणसांच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो, किडनी जाते, लहान जिवाला तर अर्धी गोळीसुद्धा भारी पडते. कुत्र्यासाठी वेगळी औषधं आहेत, ती वजनावर मोजून द्यायची असतात.

तपासणी. आधी क्लिनिकच्या बाहेर मोकळ्या जागेत चालवून बघितलं. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक, केसांमुळे दिसत नव्हती पण हाताला लगेच कळली. उभी राहिली की डावा गुडघा जरा बाहेर आणि पंजा आत वळलेला. मग कुशीवर झोपवून एकेक पाय. हे सगळं भूल न देता केलं, कारण भुलीत स्नायू सैल पडतात आणि वाटी प्रत्यक्षात जेवढी सरकते त्यापेक्षा जास्त सरकते असं वाटू शकतं.

इथे थोडी शरीररचना, शक्य तेवढी साध्या भाषेत. मांडीच्या पुढचा जो मोठा स्नायू आहे तो खाली येताना दोरीसारखा होतो, त्या दोरीत गुडघ्याची वाटी बसवलेली असते आणि दोरीचं खालचं टोक नडगीच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्याला घट्ट बांधलेलं असतं. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते, गुडघा वाकतो आणि सरळ होतो तेव्हा वाटी त्या खाचेतून वर-खाली सरकते. विहिरीवरचा रहाट आठवा, चाकाची खाच खोल असेल आणि दोर सरळ ओढला तर तो जागेवर राहतो, खाच उथळ असेल किंवा दोर तिरका ओढला गेला तर दोर चाकावरून उतरतो. बर्फीत दोन्ही होतं, खाचही उथळ आणि ओढही आतल्या बाजूला. वाटी एकदा खाचेतून आत उतरली की स्नायू कितीही ओढला तरी गुडघा सरळ होत नाही म्हणून कुत्रं पाय वर धरतं, मग पाय मागे ताणला की वाटी परत खाचेत येते आणि चालणं सुरू. बघणाऱ्याला वाटतं पायात काटा रुतला होता आणि निघाला.

लहान जातींमध्ये वाटी बहुतेक वेळा आतल्या बाजूला सरकते. मोठ्या कुत्र्यांमध्ये बाहेरच्या बाजूला सरकण्याचं प्रमाण त्या मानाने जास्त. आणि ही खाच जन्मतः पूर्ण तयार नसते, पिल्लू वाढताना वाटीच्या दाबाने ती खोल होत जाते, त्यामुळे हाडांची ठेवण मुळातच तिरकी असेल आणि वाटी वाढीच्या वयात जागेवर बसतच नसेल तर खाच खोल होणार कशी? म्हणजे "उडी मारली म्हणून वाटी सरकली" हे बर्फीच्या बाबतीत अर्धं खरं. पडल्या-आपटल्यामुळेही वाटी सरकते कधी कधी, पण सहा महिन्यांच्या वयापासून चाललेलं, दोन्ही गुडघ्यांत थोडंफार असलेलं, लहान जातीतलं प्रकरण म्हणजे अंगातच घेऊन आलेलं असतं. स्कूटर फक्त निमित्त.

डाव्या गुडघ्यात माझ्या बोटांखाली वाटी आधीच आत सरकलेली होती. अंगठ्याने दाबून खाचेत आणली की येत होती, पण पाय वाकवला की टक करून परत आत. उजव्यात वाटी जागेवर होती, मुद्दाम ढकलली तर खाचेबाहेर जायची आणि सोडली की स्वतःहून परत यायची. याच्या चार पायऱ्या असतात. पहिलीत वाटी हाताने ढकलली तरच सरकते आणि सोडली की परत येते, दुसरीत अधूनमधून आपोआप सरकते आणि आपोआप किंवा हाताने परत येते, तिसरीत बहुतेक वेळ सरकलेलीच असते, हाताने आणता येते पण टिकत नाही, आणि चौथीत कायमची खाचेबाहेर, हातानेही येत नाही. बर्फी म्हणजे डावा तिसरी, उजवा पहिली.

वाटी सापडली म्हणून तिथेच थांबायचं नसतं. छोट्या जातींमध्ये वाढीच्या वयात खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा कमी होऊन ते डोकं झिजण्याचा एक आजार असतो, तोही लंगडण्यानेच सुरू होतो, म्हणून खुबा ताणून बघितला, दुखलं नाही. गुडघ्याच्या आतून तिरका जाणारा, दोन हाडांना बांधून ठेवणारा क्रूसिएट लिगामेंट तुटलाय का तेही बघितलं कारण वाटी सरकणाऱ्या कुत्र्यांत वय वाढेल तसा तो तुटण्याची शक्यता वाढते, तो शाबूत होता. एक्स-रे काढला, पण लक्षात घ्या की पहिल्या-दुसऱ्या पायरीत एक्स-रे काढताना वाटी जागेवर असेल तर फोटो एकदम नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात "रिपोर्ट नॉर्मल आहे". हे निदान हाताने होतं. एक्स-रे लागतो तो मांडीचं आणि नडगीचं हाड किती वाकडंय आणि सांधा किती झिजलाय हे बघायला, म्हणजे ऑपरेशनच्या आखणीसाठी.

काकांचा पहिला प्रश्न, "पट्टा बांधून नाही का बसणार डॉक्टर, माणसांना नी-कॅप देतात तशी?" नाही बसणार. पहिल्या पायरीत वजन आटोक्यात ठेवणं, मांडीचा स्नायू चांगला ठेवणं आणि लक्ष ठेवणं एवढं बहुतेक वेळा पुरतं, तिथे चाकू लावण्यात अर्थ नाही. तिसऱ्या पायरीत तरुण कुत्र्याला तसंच ठेवलं तर वाटी रोज खाचेच्या कडेवर घासत राहते, कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, झिजते, संधिवात लवकर येतो, आणि वाढ चालू असेल तर तिरक्या ओढीने हाड अजून वाकडं होऊ शकतं. काकूंचा दुसरा प्रश्न, दोन्ही पाय एकदमच करून टाकू का, म्हणजे एकाच खर्चात. उजव्याला गरजच नव्हती. नको असलेलं ऑपरेशन स्वस्तात मिळालं तरी ते नको असलेलंच.

मी स्वतः ही ऑर्थो सर्जरी करत नाही. बाहेरगावहून येणारे एक ऑर्थोपेडिक सर्जन आहेत त्यांच्याकडे पाठवलं, दसरा झाल्यावरची तारीख मिळाली. खर्च पाच आकडी, मुलीने अर्धा उचलला. ऑपरेशनमध्ये तीन गोष्टी झाल्या. एक, खाच खोल केली, पण कानशीने घासून नाही, वरची कूर्चा असलेला हाडाचा चौकोनी तुकडा अलगद काढून खालून थोडं हाड कमी केलं आणि तोच तुकडा परत खोल बसवला, म्हणजे वाटी ज्याच्यावर सरकते तो गुळगुळीत पृष्ठभाग टिकतो. दोन, नडगीचा तो उंचवटा, जिथे दोरीचं टोक बांधलेलं असतं, तो कापून बाहेरच्या बाजूला सरकवला आणि दोन बारीक पिनांनी पक्का केला म्हणजे ओढ सरळ रेषेत आली. तीन, सांध्याभोवतीची आतल्या बाजूची आखडलेली पिशवी सैल केली आणि बाहेरची, जी ताणून ताणून ढिली पडली होती, ती टाके घालून घट्ट केली. सर्जनने आतला फोटो दाखवला त्यात वाटीच्या खालच्या बाजूची कूर्चा एका जागी खरवडलेली दिसत होती, चौदा महिन्यांच्या कुत्रीत. रीलमधल्या त्या उड्यांची किंमत ती.

नंतरचे सहा ते आठ आठवडे हा खरा घरच्यांचा पेपर. हाड कापून पिना मारलेल्या असतात, ते जुळेपर्यंत उड्या, जिना, सोफा, पळणं सगळं बंद, फक्त शी-शूसाठी पट्ट्याला धरून हळू चालणं. आणि कुत्र्याला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बरं वाटायला लागतं, तिथेच गडबड होते. काकूंनी हॉलच्या कोपऱ्यात जुना लाकडी पाट, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि सतरंज्या वापरून असा काही पिंजरा तयार केला की मी फोटो मागवून घेतला, विकतच्या क्रेटपेक्षा भारी होता. टाइल्सवर योगा मॅट अंथरल्या, पंजाच्या गाद्यांमधले केस कापले कारण ते केस वाढले की टाइलवर पाय घसरतोच. जिन्याच्या तोंडाशी दोन खुर्च्या आडव्या.

अडचण आली ती दिवाळीची. तारीख ठरवताना सर्जनने विचारलं होतं पण काकांना वाटलं वीस दिवसांनी काय होतंय. वीस दिवसांनी लक्ष्मीपूजन होतं. इंदिरानगरात त्या रात्री काय आवाज असतो ते राहणाऱ्यांना माहितीये, हाड अजून जुळलेलं नाही आणि कुत्रं घाबरून पिंजऱ्यातून उडी मारायला बघतंय. मी आधीच घाबरणं कमी करायचं औषध मोजून दिलं होतं, काकू वरच्या आतल्या खोलीत बर्फीला मांडीवर घेऊन टीव्ही मोठ्याने लावून बसल्या, पूजा काकांनी एकट्याने केली. उडी मारली नाही पण दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या बाजूला मऊ सूज आली, पाणी साचलं होतं, ते आपोआप आठवड्याभरात जिरलं. ज्यांना निवड करता येते त्यांनी हे ऑपरेशन दिवाळीच्या आणि गणपतीच्या तोंडावर ठेवू नका.

आठव्या आठवड्याला एक्स-रे, उंचवटा जुळलेला, पिना जागेवर, वाटी खाचेत. मग हळूहळू चालणं वाढवलं, आधी अंगण, मग ट्रॅकची एक फेरी, चढ नंतर. वजन ५.६ पर्यंत आलं. वजनाच्या निमित्ताने एक किस्सा सांगायलाच हवा. बिस्किटं बंद करा, त्याऐवजी गाजर-काकडीचे तुकडे द्या असं सांगितलं होतं. फेब्रुवारीत काकूंचा फोन, गाजराऐवजी द्राक्षं चालतील ना, काकांच्या भावाचा पिंपळगावला बाग आहे, घरात पेट्या येऊन पडल्यात. अजिबात नाही! द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या किडनीला विष आहेत, कुठल्या कुत्र्याला किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, त्यामुळे एकही नाही. नाशिकमध्ये हे जन्माच्या दाखल्यासोबत छापून द्यायला पाहिजे. सुदैवाने त्या देण्याआधी विचारत होत्या.

त्याच फोनमध्ये पुढचं वाक्य आलं. बर्फी परत पाळीत आलीये, सिडकोतल्या एकांकडे मस्त पांढरा नर आहे, ते मेटिंगला तयार आहेत, "आता पाय पण अगदी छान झालाय ना डॉक्टर, एक वेत घेऊन टाकू, मग गर्भाशय काढायचं ऑपरेशन करून टाकू तिचं."

माझ्यासाठी केस इथे सुरू झाली. काकू चूक बोलत नव्हत्या, पाय खरंच छान झाला होता. ट्रॅकवर तिला बघून कुणी सांगू शकलं नसतं की हिच्या पायात पिना आहेत. पण सर्जनने हाड बदललं, रक्त नाही. जी ठेवण ती आई-बापाकडून घेऊन आली ती पिल्लांना देताना बर्फी ऑपरेशनच्या आधीची बर्फीच असणार. उलट ऑपरेशन झालेली मादी जास्त फसवी, कारण लंगडणारी मादी बघून निदान चार जण विचारतील तरी, हिच्याकडे बघून पिल्लू घेणारा खूश होऊन घेऊन जाणार आणि सहा महिन्यांनी माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलवर येणार.

काकूंचं म्हणणं होतं की एकदा तरी पिल्लं व्हायला पाहिजेत नाहीतर मादीच्या तब्येतीला त्रास होतो. हे मी रोज ऐकते. एका वेताने मादीच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही. पिल्लं न होऊ देता गर्भाशय (सोबत अंडाशयही) काढलं तर पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो, आणि लवकर काढलं तर स्तनाच्या गाठींचं प्रमाण खूप कमी होतं, हा फायदा पाळ्या वाढत जातील तसा घटत जातो. काकांचा मुद्दा जास्त अवघड होता. ते म्हणाले, नर चांगला आहे ना, मग निम्मी पिल्लं तरी चांगली होतील.

हा हिशोब एका जीनच्या आजाराला चालतो. वाटी सरकण्यामागे एक जीन नाही, बरेच जीन मिळून हाडांची ठेवण ठरवतात, त्यात वजन-वाढ यांचाही हात असतो. म्हणून याची एक सरळ डीएनए टेस्ट करून मोकळं होता येत नाही. दिसायला दोन्ही नीट असलेल्या आई-बापांनाही असं पिल्लू होऊ शकतं, म्हणजे सिडकोच्या नराचे गुडघे कुणी हाताने तपासले नव्हते तोवर तो "चांगला" फक्त रंगाने आणि केसांनी. आणि तपासून नीट निघाला तरी त्याच्या भावंडांत काय आहे हे माहीत नाही. नेदरलँड्समध्ये कोइकर नावाच्या एका जातीत सगळ्या प्रजननाच्या कुत्र्यांचे गुडघे तपासायला सुरुवात केली, तिथे वाटी सरकण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १९ वर आलं. म्हणजे निवड केली की फरक पडतो, पण वर्षानुवर्षं करावी लागते आणि तरी शून्य होत नाही. इंग्लंडमध्ये दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१६ साली जो अभ्यास आला त्यात सर्वाधिक धोका असलेल्या जातींत पॉमेरेनियन सगळ्यात वर होता, चिवावा, यॉर्कशायर टेरिअर त्याच्या पाठोपाठ. ज्या जातीत आधीच एवढं आहे तिथे तिसऱ्या पायरीची मादी वापरणं म्हणजे हा त्रास जाणूनबुजून पुढे देणं.

हे सगळं मी सांगितलं, काकांनी मान डोलावली, काकूंनी नाही. सुशिक्षित लोक आहेत, समजत नव्हतं असं नाही, पण आकड्यांनी कुणाचं पिल्लाचं स्वप्न जात नाही.

मग मी विचारलं की बर्फीची भावंडं कुठे आहेत. एक बहीण नाशिकरोडला, जेलरोडच्या एका घरात, काकू आणि त्या ताई फोनवर बोलायच्या अधूनमधून. एक भाऊ गंगापूर रोडला. दोघांनाही फुकट तपासून देते म्हणून बोलावलं. भावाचे दोन्ही गुडघे पक्के. बहीण जरा घाबरट, ताई म्हणाल्या हिला काहीच नाही हो, कधी लंगडली नाही, आणि खरंच तिच्या चालण्यात काही नव्हतं. पण दोन्ही गुडघे दुसऱ्या पायरीचे. मी ताईंना विचारून काकूंचा अंगठा त्या गुडघ्यावर ठेवला, पाय सरळ केला, हलकंसं आत वळवलं, आणि ती टक काकूंना स्वतःच्या बोटाखाली जाणवली. काकूंनी हात मागे घेतला. त्यानंतर मेटिंगचा विषय त्यांनी परत काढला नाही. ताईंनी मात्र तिथेच सांगितलं की त्यांनी बहिणीसाठी नर ठरवलेला होता, तोही रद्द.

आईबद्दल. पिल्लं पेठरोडच्या एका घरगुती विक्रेत्याकडची. काकांनी बर्फी घेतली तेव्हा ती जेमतेम ३५ दिवसांची होती, आई दाखवली होती पण बांधलेली, बसलेली. २०१७ चे कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीचे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी १८ महिन्यांच्या आत वापरता येत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नियम चांगले आहेत. पाळतो कोण हा वेगळा विषय. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर असले की लोक निर्धास्त होतात पण त्या पेपरवर वंशावळ असते, गुडघ्याबद्दल एक अक्षर नसतं. अमेरिकेत ओएफए नावाची संस्था वर्षाच्या पुढच्या कुत्र्यांच्या गुडघ्यांचा निकाल नोंदवून ठेवते आणि तपासणी काय असते तर जी मी टेबलवर केली तीच, जाग्या कुत्र्याचे दोन्ही गुडघे हाताने. मशीन नाही, भूल नाही. आपल्याकडे कुठलाही व्हेट हे करू शकतो, कुणी सांगतच नाही करायला.

काका त्या विक्रेत्याकडे स्वतः गेले, भांडायला नाही, सांगायला, की या आईची दोन पिल्लं अशी निघाली. आई अंगणात मोकळी होती. काका सांगत होते, "डॉक्टर, ती पण तश्शीच उडी मारते हो!" विक्रेता म्हणाला तिला लहानपणापासून सवयच आहे तशी. तपासून घ्यायला मी तयार होते, त्याने बघतो म्हटलं. महिन्याभरात काकूंनी मला त्याच्या नव्या पिल्लांच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला, पांढरीशुभ्र, चार.

काकांनी आता एक केलंय, ट्रॅकवर कुणी बर्फीकडे बघून "अशीच हवी, कुठून घेतली?" विचारलं की पत्ता देत नाहीत, आधी आईला मोकळं चालताना बघा, व्हेटकडून आई-बापाचे गुडघे तपासून घ्या आणि आधीच्या वेतातली एक-दोन पिल्लं मोठी झालेली बघून या असं सांगतात. पिल्लाचे गुडघे आठ आठवड्यांत तपासले तरी खात्री देता येत नाही, तेव्हा सांधे सैलच असतात. आईचे मात्र बरंच सांगून जातात.

पाळी संपल्यावर अडीच महिने थांबून मे महिन्यात बर्फीचं गर्भाशय काढलं. त्याच भुलीत डावा गुडघा परत बघितला, वाटी पक्की. डावी मांडी उजवीच्या बरोबरीला आलीये. उजवा अजून पहिल्या पायरीवरच आहे, दर सहा महिन्यांनी बघायचं ठरलंय आणि वजन ५.५ च्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण गर्भाशय काढल्यावर भूक वाढते आणि वजन भरभर चढतं. स्कूटरवर अजून जाते, पण आता उतरवून घेतात. नाशिकरोडच्या बहिणीचं ऑपरेशन सध्या नाही, लक्षणं नाहीत, वजन बरोबर आहे. लंगडायला लागली तर ताई आधी व्हिडिओ पाठवणार आहेत.